द्वारपाल कोणाचा? इंटरनेटच्या तटस्थतेचा भारतीय लढा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरात आल्मन स्ट्रॉजर नावाचे एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करीत असत. घरात मृत्यू घडला की लोक दूरध्वनी करून अशा व्यावसायिकाला बोलावून घेत. मात्र त्या काळी दूरध्वनी आपोआप लागत नसे. केंद्रात बसलेल्या बाईंना 'अमक्याशी जोडून द्या' असे सांगावे लागे आणि त्या हाताने तार जोडून देत. स्ट्रॉजर यांचा धंदा बसू लागला. केंद्रातील बाई आपल्याला आलेले बोलावणे परस्पर प्रतिस्पर्ध्याकडे वळवीत आहेत, असे त्यांच्या मनाने घेतले. ती बाई त्या प्रतिस्पर्ध्याची पत्नीच होती, असेही सांगितले जाते. स्ट्रॉजर कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत बसले नाहीत. जोडून देणाऱ्या माणसाची गरजच उरू नये असे यंत्र त्यांनी कल्पिले आणि १८९१ साली त्याचे पेटंट मिळविले. स्वयंचलित दूरध्वनी केंद्राचा पाया हा असा एका संशयातून घातला गेला.

वाचकहो, निरोप पोहोचविणाऱ्याने निरोपात डोकवावे की नाही, एकाचा निरोप त्वरेने आणि दुसऱ्याचा सावकाश न्यावा की नाही, हा प्रश्न म्हणजे आजकालच्या संगणकयुगाने उभा केलेला नवा प्रश्न नव्हे. टपाल, तार, आगगाडी या साऱ्यांच्या बाबतीत तो विचारला गेला आहे. आम्ही नवधर्मगुरू असताना ज्या धर्मग्रामात सेवेला होतो, तेथे धर्मगुरुनिवासातील दूरध्वनी हा अर्ध्या गावाचा दूरध्वनी होता. आखातातून कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा फोन करी आणि 'फादर, जरा आईला बोलवता का?' म्हणून विनवी. मग जो पोर हाताशी सापडेल त्याला पिटाळायचे. कोण रविवारी मिस्साला येतो आणि कोण येत नाही, याचा हिशेब त्या वेळी आमच्या मनात कधी डोकावला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पण निरोप मात्र सगळ्यांचा पोहोचता होई.

इंटरनेटच्या बाबतीत या तत्त्वाला 'नेट न्यूट्रॅलिटी' हे नाव टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००३ साली दिले. मराठीत आपण त्याला इंटरनेटची तटस्थता म्हणू. ग्राहकाने जोडणीचे पैसे मोजले की त्या जोडणीवरून तो बातमी वाचतो, पत्र पाठवितो, चित्रपट पाहतो की मुलाशी बोलतो, याची उठाठेव जोडणी देणाऱ्या कंपनीने करू नये. एखादे संकेतस्थळ अडवू नये, मुद्दाम मंद करू नये, आणि एकाला स्वस्त व दुसऱ्याला महाग करू नये, इतकाच त्याचा अर्थ. ऐकावयास हे साधे वाटते. परंतु याच साध्या गोष्टीवरून २०१४ ते २०१८ या काळात आपल्या देशात जो लढा झाला, त्यात दूरसंचार कंपन्या, जगातील एक बलाढ्य उद्योगसमूह, संसद, नियामक प्राधिकरण आणि लाखो सामान्य नागरिक ओढले गेले.

प्रथम कंपन्यांची बाजू समजून घेतली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. दूरसंचार कंपन्या सरकारकडून रेडिओलहरी, ज्यांना स्पेक्ट्रम म्हणतात, त्या लिलावात विकत घेतात. मार्च २०१५ च्या लिलावात सरकारच्या पदरात सुमारे १ लाख १० हजार कोटी रुपये पडले. हे पैसे कंपन्यांनी कर्जे काढून उभे केलेले. मनोरे त्यांनी उभारायचे, परवाना शुल्क त्यांनी भरायचे, आणि ग्राहक मात्र व्हॉट्सॲपवरून फुकट संदेश पाठविणार व इंटरनेटवरून फुकट बोलणार! लघुसंदेशांचे उत्पन्न आटत चालले होते, उद्या बोलण्याचेही आटेल अशी धास्ती त्यांना होती. डिसेंबर २०१४ च्या अखेरीस एअरटेल कंपनीने इंटरनेटवरून केल्या जाणाऱ्या बोलण्यासाठी वेगळा आकार घेण्याचे जाहीर केले. ओरड झाली आणि काही दिवसांतच तो बेत मागे घेण्यात आला. पण प्रश्न मागे गेला नाही.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच 'ट्राय'ने, २७ मार्च २०१५ रोजी एक सल्लामसलतपत्र प्रसिद्ध केले. पाने ११८, प्रश्न २०, आणि भाषा अशी की वकिलालाही दोनदा वाचावे लागावे. इंटरनेटवरून सेवा देणाऱ्यांना परवाना घ्यावयास लावावा काय, त्यांनी दूरसंचार कंपन्यांना मोबदला द्यावा काय, असा त्या प्रश्नांचा रोख होता. मत कळविण्याची मुदत २४ एप्रिल होती. एरवी अशा पत्रांना कंपन्यांचे वकील आणि दोनचार अभ्यासक उत्तरे देतात व विषय मिटतो. या वेळी मात्र निखिल पाहवा या पत्रकारासह काही तरुण स्वयंसेवकांनी ते पत्र फोडून सोप्या भाषेत मांडले, वीस प्रश्नांची उत्तरे तयार केली आणि कोणालाही ती आपल्या नावाने ट्रायला पाठविता येतील अशी सोय केली. एका विनोदी कलावंतांच्या मंडळींनी याच विषयावर एक चित्रफीत काढली. तिची भाषा आमच्या कानांना रुचणारी नव्हती, पण ११८ पानांचा अर्थ तिने नऊ-दहा मिनिटांत सांगितला हे मान्य केले पाहिजे. मुदत संपेपर्यंत दहा लाखांहून अधिक पत्रे ट्रायकडे जाऊन पडली.

त्याच महिन्यात एअरटेलने 'एअरटेल झिरो' नावाची योजना आणली होती. यात संकेतस्थळाने कंपनीला पैसे द्यायचे आणि ग्राहकाला ते संकेतस्थळ फुकट मिळायचे. फ्लिपकार्ट ही विक्री-कंपनी त्यात सामील होणार होती. लोकक्षोभ पाहून तिने अंग काढून घेतले. २२ एप्रिल रोजी राहुल गांधी यांनी लोकसभेत हा विषय काढला व सरकारवर उद्योगपतींची बाजू घेतल्याचा आरोप केला. दूरसंचारमंत्री रविशंकर प्रसाद यांनी तो फेटाळला. दोन्ही बाजूंनी आवाज चढले खरे. पण तटस्थता नको असे सभागृहात कोणी म्हणेना, ही त्यातील लक्षात घेण्याजोगी बाब.

इतकी पत्रे आल्यावर ट्रायने काय करावे? एप्रिलच्या अखेरीस तिने ती सर्व, पाठविणाऱ्यांच्या नावांसह आणि ई-मेलच्या पत्त्यांसह, आपल्या संकेतस्थळावर उघडी मांडली. दहा लाख नागरिकांचे पत्ते जाहिरातबाजांच्या हाती आयते पडले. पारदर्शकतेचा हा अतिरेक कोणाच्या डोक्यातून निघाला असेल तो असो.

आता या इतिहासातील मुख्य प्रकरणाकडे वळू. फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी २०१३ साली 'इंटरनेट डॉट ऑर्ग' नावाचा उपक्रम जाहीर केला होता. ज्यांना परवडत नाही त्यांना इंटरनेटची तोंडओळख विनामूल्य करून द्यावी, असा त्याचा उद्देश सांगितला जाई. फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या जाळ्यावरून तो आपल्या देशात आला. आरंभीच्या प्रदेशांत महाराष्ट्र होता आणि आरंभीच्या भाषांत मराठी होती, तेव्हा हा प्रश्न आपल्या दारातलाच होता. तीसहून अधिक संकेतस्थळे त्यात फुकट मिळत: हवामान, आरोग्य, नोकऱ्या, बातम्या, आणि अर्थातच फेसबुक. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याचे नाव बदलून 'फ्री बेसिक्स' करण्यात आले.

या योजनेची रचना नीट पाहिली पाहिजे, कारण सारे भांडण तिच्याभोवती आहे. ग्राहकाला इंटरनेट मिळत नसे. मिळे ती एक यादी. त्या यादीत येण्यासाठी संकेतस्थळाला फेसबुकने घालून दिलेले तांत्रिक नियम पाळावे लागत. चित्रफिती, मोठी चित्रे, इंटरनेटवरील संभाषण यांना तेथे मज्जाव होता. ग्राहक जे काही उघडी, ते फेसबुकच्या संगणकांतून होऊन त्याच्याकडे येई. पैसे कोणाकडूनच घेतले जात नसत, ही गोष्ट फेसबुक अभिमानाने सांगे व ती खरीही होती. परंतु दारात एक द्वारपाल उभा होता, आणि त्याचे वेतन घरमालक देत नव्हता. जुलै २०१५ मध्ये दूरसंचार खात्याच्या समितीने आपल्या अहवालात नेमका हाच शब्द योजिला: कंपन्यांच्या हातमिळवणीतून कोणालाही द्वारपालाची भूमिका मिळत असेल तर अशा व्यवस्थांना उत्तेजन देऊ नये.

९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने दुसरे सल्लामसलतपत्र काढले. आता अध्यक्षपदी राम सेवक शर्मा आले होते आणि या वेळी प्रश्न वीस नव्हते, फक्त चार. विषयही एकच: निरनिराळ्या संकेतस्थळांसाठी निरनिराळे दर लावू द्यावेत काय? वृत्तपत्रांतून फ्री बेसिक्सच्या पानभर जाहिराती झळकू लागल्या. फेसबुक उघडले की ट्रायला पाठिंब्याचे पत्र धाडण्याची विनंती समोर येई आणि एक कळ दाबली की पत्र रवाना होई. डिसेंबरच्या अखेरीस स्वतः झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. ग्रंथालयात सगळी पुस्तके नसतात, सरकारी रुग्णालयात सगळे उपचार नसतात, तरी त्यांनी कल्याणच होते ना, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यात त्यांनी महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचा दाखला दिला. तो फ्री बेसिक्सवर पावसाचा अंदाज आणि बाजारभाव पाहतो. त्याने आपले पीक नीट राखले तर इंटरनेटचे काय बिघडते, असा त्यांचा सवाल होता.

हा सवाल आम्हांला आजही सहज झटकून टाकता येत नाही. ज्यांच्या ताटात काहीच नाही त्यांच्यापुढे अर्धी भाकरी ठेवली तर भरल्या पोटाच्या माणसाने 'पूर्णच हवी' म्हणून ती ओढून घ्यावी काय? शहरातील सुशिक्षित तरुण खेड्यातील गरिबाच्या वतीने नकार देत आहेत, हा आक्षेप त्या वेळी अनेकांनी घेतला आणि त्यात तथ्य होते. लाखो पत्रे पाठविणाऱ्यांत तो शेतकरी बहुधा नव्हताच.

पण दुसरी बाजूही ऐकावी. सार्वजनिक ग्रंथालयात कोणती पुस्तके असावीत हे एखादा प्रकाशक ठरवीत नाही, आणि वाचक कोणते पान उलटतो याची नोंद त्याच्या दुकानात जात नाही. निखिल पाहवा यांनी त्याच दैनिकात उत्तर देताना विचारले की, गरिबांना जोडावयाचेच असेल तर ही एकच रीत का? संपूर्ण इंटरनेट थोडे द्या, किंवा मंद द्या, पण संपूर्ण द्या. अशा रीती कल्पनेतल्या नव्हत्या. एअरसेल कंपनीने याच सुमारास नव्या ग्राहकांना तीन महिने मंद गतीचे परंतु संपूर्ण इंटरनेट विनामूल्य देऊ केले होते. बांगलादेशात एक जाहिरात पाहिली की थोडे इंटरनेट फुकट मिळे. मग त्यातून काय पाहावे हे ज्याचे त्याने ठरवावे. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनीही जाहीर पत्रक काढून फ्री बेसिक्सला विरोध केला. या योजनेला 'फ्री' म्हणणे कितपत योग्य, अशी शंका त्यांनी घेतली.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने परदेशातून आलेली दुधाची भुकटी आणि गहू चर्चच्या आवारात वाटलेला पाहिला आहे. त्या भुकटीने मुले जगली, यात संशय नाही. पण वाटणाऱ्याच्या हातात यादी आली की गावात काय होते, हेही त्याच पिढीने आम्हांला सांगून ठेवले आहे. 'आमचे नाव यादीत का नाही?' हा प्रश्न ज्या आवारात एकदा विचारला गेला, तेथे तो पुष्कळ काळ घुमत राहतो.

जानेवारी २०१६ मध्ये ट्राय आणि फेसबुक यांच्यात चांगलीच पत्रापत्री झाली. आलेल्या सुमारे चोवीस लाख पत्रांपैकी एकोणीस लाखांच्या आसपास फ्री बेसिक्सच्या बाजूची होती. ट्रायचे म्हणणे असे की, आम्ही चार प्रश्न विचारले आणि या पत्रांत त्यांचे उत्तरच नाही. सल्लामसलतीचे रूपांतर डोकी मोजण्याच्या, जुळवून आणलेल्या कौलात केले जात आहे. आम्हांला ट्रायचे हे म्हणणे पटते. मात्र न्याय करावयाचा तर हेही नोंदविले पाहिजे की, एप्रिलमधील दहा लाख पत्रेही बव्हंशी एकाच साच्यातून निघालेली होती. फरक इतकाच की, त्या साच्यात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे होती, आणि तो साचा ज्याच्या लाभाचा प्रश्न होता त्याच्याच दुकानातून पुरविला गेलेला नव्हता.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्णय आला. विषयवस्तू पाहून भेदभावाचे दर लावण्यास ट्रायने बंदी केली. नियम मोडला तर दिवसाला पन्नास हजार रुपये, जास्तीत जास्त पन्नास लाख रुपये दंड. आपत्तीच्या वेळी एखादी सेवा स्वस्त वा विनामूल्य करण्याची मुभा ठेवली. सोबतच्या टिपणातील एक विचार आम्हांला फार मोलाचा वाटतो. ज्या देशात बहुसंख्य लोक अजून इंटरनेटवर यावयाचेच आहेत, तेथे पहिल्या प्रवेशाचे स्वरूप कंपन्यांना ठरवू दिले तर त्या लोकांच्या लेखी इंटरनेट म्हणजे काय, हेच कंपन्या ठरवतील, अशा आशयाचा तो विचार आहे. गरिबी हा भेदभावाला सवलत देण्याचा आधार नसून अधिक जपण्याचे कारण आहे, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

तीन दिवसांनी फेसबुकने भारतातील फ्री बेसिक्स गुंडाळले. त्याआधी तिच्या संचालक मंडळातील मार्क अँड्रीसन यांनी, वसाहतवादाच्या विरोधाने भारताचे आर्थिक नुकसानच केले, अशा अर्थाचे उद्गार काढून नवा वाद ओढवून घेतला. त्यांना क्षमा मागावी लागली आणि झुकरबर्ग यांनी त्या मताशी आपला संबंध नसल्याचे सांगितले. ज्या देशाने 'तुमच्याच भल्यासाठी' हे शब्द दीडशे वर्षे ऐकले, त्याच्यापुढे ही जखम उघडी करण्याचे काही कारण नव्हते.

पुढे काय झाले? गरिबाला इंटरनेट मिळाले, पण या लढ्यातील कोणाच्याच हातून नव्हे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओ बाजारात उतरली आणि कित्येक महिने सर्व काही फुकट वाटत सुटली. २०१४ मध्ये एक जीबी डेटासाठी सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. २०१८ मध्ये तोच आकडा बारा रुपयांच्या आत आला. तो शेतकरी, जर अजून शेती करीत असेल, तर यादीबाहेरचेही सर्व काही आता पाहू शकतो. तटस्थतेच्या पुरस्कर्त्यांनी हे श्रेय घेऊ नये, कारण दर पडले ते स्पर्धेमुळे आणि एका मोठ्या उद्योगसमूहाच्या भांडवलामुळे. त्या स्पर्धेत अनेक लहान कंपन्या बुडाल्या, एअरसेलही त्यांत गेली. परंतु दर कोसळले तेव्हा दारे उघडी होती ती २०१६ च्या नियमामुळे, एवढे म्हणता येते.

दर लावण्यातील भेदभाव थांबला तरी अडविणे आणि मंद करणे यांविषयी नियम व्हावयाचा होता. २८ नोव्हेंबर २०१७ रोजी ट्रायने त्या शिफारशी केल्या आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने त्या मान्य करून परवान्यांच्या अटींत आणण्याचे ठरविले. याच्या अगदी उलट चित्र अमेरिकेत दिसत होते. तेथील दळणवळण आयोगाने फेब्रुवारी २०१५ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी तटस्थतेचे कडक नियम केले होते. राष्ट्राध्यक्ष बदलले, आयोगातील बहुमत बदलले आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी तितक्याच मतांनी ते नियम पुसले गेले. २०२४ मध्ये पुन्हा आणले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ते रद्द केले. तेथील कॅथलिक बिशप परिषद या साऱ्या काळात तटस्थतेच्या बाजूने उभी राहिली, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. वेगवान वाटेचे भाडे मोठ्या कंपन्या देतील. धर्मग्रामाला, शाळेला, सेवाभावी संस्थेला ते कोठून परवडणार, असा तिचा साधा व्यावहारिक मुद्दा होता.

आपल्याकडे नियम टिकला, पण कुंपणाला दुसरीकडून भगदाड पाडण्याचे प्रयत्न चालूच आहेत. ज्या मोठ्या कंपन्यांच्या चित्रफितींनी जाळी भरून जातात त्यांनी जाळ्याच्या खर्चाचा वाटा उचलावा, अशी दूरसंचार कंपन्यांची मागणी अलीकडच्या वर्षांत पुन्हा जोर धरू लागली. २०२३ मध्ये ट्रायने इंटरनेटवरील सेवांच्या नियमनाबाबत पुन्हा सल्लामसलत केली. २०१६ चा नियम ग्राहकाकडून घ्यावयाच्या दरासंबंधी आहे. कंपनीने कंपनीला काय द्यावे याविषयी तो थेट बोलत नाही.

आणखी एका बाबतीत तो मुका आहे. हे सारे नियम बांधतात ते कंपन्यांना, शासनाला नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये इंटरनेट बंद करण्यात आले. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनिश्चित काळासाठी अशी बंदी घालता येणार नाही असे म्हटले. त्यानंतर सेवा परत आली ती मंद गतीने आणि एका यादीनिशी. २४ जानेवारीच्या आदेशात त्या यादीवर ३०१ संकेतस्थळे होती. त्यांत बँका होत्या, वृत्तपत्रे होती, प्रवासाची तिकिटे काढण्याची सोय होती. बाकी जग यादीबाहेर होते. पुढे यादी वाढत गेली. ४ मार्च २०२० रोजी ती मागे घेण्यात आली. मंद गतीचे बंधन मात्र बहुतेक जिल्ह्यांत फेब्रुवारी २०२१ पर्यंत राहिले.